पाइप सहा केजीचा, जोड किती केजीचा?

विहिरीवरून किंवा शेततळ्यावरून नवी पाइपलाइन टाकायची ठरली, की घरातली आणि दुकानातली सगळी बोलणी पाइपाभोवती फिरतात. कुठल्या कंपनीचा घ्यायचा, किती केजीचा, नगामागे भाव काय, गाडीभाडं कोण देणार. एल्बो, टी, सॉकेट, एमटीए, व्हॉल्व्ह, सोल्युशनचा डबा ही यादी मात्र शेवटी, पैसे संपत आल्यावर निघते आणि तिथेच घासाघीस होते. हा क्रम उलटा आहे. पाइप कारखान्यात यंत्रातून सलग, एकसारख्या जाडीचा निघतो आणि बाहेर पडण्यापूर्वी त्याची चाचणी होते. जोड मात्र तुमच्या चरात, धुळीत, उन्हात, कुणाच्या तरी हाताने बनतो आणि त्याची चाचणी बहुतेक वेळा होतच नाही. त्यामुळे लाइन किती दाब सोसेल हे पाइपावर छापलेल्या आकड्याने ठरत नाही. सगळ्यांत कच्चा जोड जेवढा सोसेल तेवढीच त्या लाइनीची ताकद. म्हणून आधी फिटिंग आणि ती बसवण्याची रीत ठरवावी, पाइपाचा भाव नंतर करावा, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात दाबापासून करू, कारण फिटिंग निवडताना पहिला प्रश्न तोच आहे. आपण ज्याला 'चार केजी', 'सहा केजी' म्हणतो तो दर चौरस सेंटीमीटरवरचा दाब, किलोग्रॅममध्ये मोजलेला. १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ साधारण १ केजी दाब देतो, एवढं लक्षात ठेवलं की बाकी हिशेब कुणालाही जमतो. विहीर ओढ्याकाठी आणि शेत २५ मीटर उंच माळावर आहे असं समजा. पाइपातल्या घर्षणात ८ मीटर जातात, फिल्टर आणि ठिबक मिळून १५ मीटर लागतात. बेरीज ४८ मीटर, म्हणजे पावणेपाच केजीच्या वर. मोटरीजवळ ४ केजीची फिटिंग इथे चालणारच नाही. पाणी वर चढत जाईल तसा दाब उतरत जातो, म्हणून पुढच्या टप्प्यात ४ केजी पुरेल. पण मोटरीजवळचा पहिला टप्पा, तिथला बेंड, एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणि पहिली टी सहाच्या खाली घेऊ नयेत. शिवाय सगळे व्हॉल्व्ह बंद असताना मोटर चालू राहिली तर पंप त्याच्या कमाल हेडपर्यंत दाब चढवतो आणि हा आकडा रोजच्या कामाच्या दाबापेक्षा बराच वर असतो. पंपाबरोबर आलेल्या तक्त्यात तो दिलेला असतो. फिटिंगची केजी त्या आकड्याशी ताडून पाहावी.

हा झाला स्थिर दाब. आपल्याकडच्या लाइनी फुटतात त्या बहुधा धक्क्याने. वाहतं पाणी अचानक थांबलं की त्याची गती दाबात बदलते आणि तो दाब लाटेसारखा लाइनभर धावतो. चार-सहा केजीच्या पीव्हीसी पाइपात या लाटेचा वेग सेकंदाला ढोबळमानाने २५० ते ३०० मीटर असतो. पाणी सेकंदाला १.५ मीटर वेगाने वाहत असेल आणि कुणी बॉल व्हॉल्व्ह झटक्यात फिरवला, तर आधीच्या दाबावर आणखी चार ते साडेचार केजी चढतात. पावणेपाच आणि साडेचार मिळून सव्वानऊ. सहा केजीच्या लाइनीला हा धक्का दिवसातून दोनतीनदा बसला तरी ती पहिल्या वर्षी टिकून राहील, कारण पीव्हीसी क्षणभराचा जादा दाब सोसतं. पण असे हजारो धक्के त्याला थकवतात. टीच्या काखेत, जिथे दोन नळ्या काटकोनात भेटतात, तिथे ताण एकवटतो आणि बारीक चीर तिथूनच सुरू होते.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे धक्के टाळता येत नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. अनेक भागांत थ्री फेज वीज पाळीने, ठरावीक तासच मिळते. ती मध्येच जाते, पुन्हा येते आणि ऑटो स्विचमुळे मोटर आपोआप चालू होते, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. वीज गेली की वर चढलेलं पाणी मागे फिरतं आणि एनआरव्हीवर आदळतं. वीज आली की रिकाम्या झालेल्या लाइनीत पाणी जोरात घुसतं आणि पुढे अडकलेली हवा दाबली जाते. त्या वेळी व्हॉल्व्हजवळ उभं राहायला कुणीच नसतं. म्हणून मोटरीजवळ चांगला एनआरव्ही, लाइनीच्या प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह आणि वेग सेकंदाला १.५ मीटरच्या आत राहील एवढा पाइपाचा व्यास, या तीन गोष्टींत काटकसर करू नये. ६३ मिमीच्या सहा केजी पाइपातून या मर्यादेत तासाला साधारण १४,५०० लिटर पाणी जातं. तुमची मोटर याहून बरंच जास्त पाणी देत असेल तर ७५ मिमीचा पाइप घ्या. व्यास वाढला की घर्षण कमी होतं, धक्काही कमी होतो.

वळणावर आणखी एक जोर असतो, आणि त्याचा आकडा एकदा पाहिला की विसरत नाही. ११० मिमीच्या पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस सेंटीमीटर भरतं. चार केजी दाब असताना पाणी शेवटच्या एंड कॅपला ३८० किलोच्या जोराने बाहेर रेटतं. काटकोनी एल्बोत दोन बाजूंचे रेटे एकत्र येतात आणि एल्बोला बाहेरच्या कोपऱ्याकडे पाच क्विंटलांहून अधिक जोराने ढकलतात. मोटर चालू झाली की ढकल, बंद झाली की सैल, असं रोज चालतं. मऊ माती हा जोर पेलत नाही. एल्बो हळूहळू सरकतो आणि त्याच्या मुळाशी असलेला जोड मोडतो. त्यावर उपाय काँक्रीटचा ठोकळा, आणि तो चराच्या न उकरलेल्या, पक्क्या भिंतीला टेकवून भरायचा. उकरून पुन्हा लोटलेल्या मातीला टेकवलेला ठोकळा मातीसकट सरकतो. फिटिंगला आधी जाड प्लास्टिकचा कागद गुंडाळावा आणि जोडाची कड काँक्रीटच्या बाहेर ठेवावी, म्हणजे पुढे दुरुस्ती करता येते. जागा असेल तर एका काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड किंवा ४५ अंशांचे दोन एल्बो थोड्या अंतरावर घ्यावेत. जोर विभागतो आणि घर्षणही कमी होतं.

आता दुकानात काय पाहायचं ते. पहिला घोटाळा मापाचा होतो. आपण बोलताना 'दोन इंची', 'तीन इंची' म्हणतो, पण शेतीचा पीव्हीसी पाइप मिलिमीटरमध्ये, बाहेरच्या व्यासावर मोजला जातो : ६३, ७५, ९०, ११०, १४०. घरगुती प्लंबिंगचा शेड्यूल पाइप वेगळ्या मापाचा असतो. त्याच्या दोन इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी, तीन इंचीचा ८८.९ आणि चार इंचीचा ११४.३. म्हणजे प्लंबिंगच्या दोन इंची एल्बोत आपला ६३ चा पाइप शिरणार नाही. तो शिरत नाही हे बरंच, कारण चूक लगेच कळते. चार इंचीत खरा धोका आहे. तिथे ११० चा पाइप ११४.३ च्या सॉकेटात सैल जातो आणि कुणीतरी ती फट सोल्युशनने भरून काढतो. असा जोड पहिल्या पाण्याला नाही तरी पहिल्या हंगामात सुटतोच. त्यामुळे यादी देताना इंच लिहूच नका. मिलिमीटर आणि केजी, दोन्ही लिहा.

दुसरी गोष्ट बनावटीची. साच्यात ओतून काढलेली फिटिंग आणि पाइप कापून, तापवून, चिकटवून बनवलेली फिटिंग, असे दोन प्रकार बाजारात असतात. दोन्हींना भारतीय मानकं आहेत : साच्यातल्या फिटिंगला आयएस ७८३४ आणि बनवलेल्या फिटिंगला आयएस १०१२४. पाइपाचं मानक आयएस ४९८५. मोठ्या मापांत लांब बेंड तापवून बनवलेला असतो आणि त्यात काही गैर नाही. पण ११० मिमीपर्यंतच्या टी आणि एल्बो साच्यातल्याच घ्याव्यात, कारण त्यांच्या काखेत जाडी जास्त ठेवलेली असते. फिटिंगवर आयएसआय चिन्ह, त्यावरचा आयएस क्रमांक आणि खालचा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक वाचा. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तो क्रमांक टाकला की परवाना कुणाचा आणि कशाचा, हे दुकानात उभ्या उभ्या समजतं. त्याच मापाच्या दोन कंपन्यांच्या टी काट्यावर ठेवून पाहायलाही लाजू नका. वजनात मोठा फरक पडला तर तो जाडीतला फरक असतो. तिसरी परीक्षा कोरड्या जोडाची. पाइप सॉकेटात हाताने ढकलला तर साधारण निम्म्यापर्यंत जाऊन घट्ट बसायला हवा. खडखडत तळापर्यंत गेला तर ती फिटिंग परत करा.

आट्यांच्या जोडाबद्दल एकच नियम, पण तो फार वेळा मोडला जातो. लोखंडाच्या आत प्लास्टिक चालतं, प्लास्टिकच्या आत लोखंड चालत नाही. एमटीए, म्हणजे बाहेरून आटे असलेला प्लास्टिकचा जोड, लोखंडी सॉकेटात आवळला तर बाहेरचं लोखंड त्याला धरून ठेवतं. जीआयचा निपल आतून आटे असलेल्या प्लास्टिकच्या एफटीएत आवळला तर तो पाचरीसारखा घुसतो आणि एफटीए उभा चिरतो, कधी लगेच, कधी महिन्याने. तसं करणं भागच असेल तर आत पितळेचा आटा असलेली फिटिंग घ्यावी. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळून हाताने आवळायचं आणि मग पान्याने एक-दोन फेरे, तेवढंच. गळालं म्हणून आणखी आवळत राहणाऱ्याच्या हाती शेवटी तुटका तुकडा येतो.

इथे एक जुना आक्षेप येतो आणि त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे. पाचट पेटवून पाइपाचं तोंड तापवायचं, ते मऊ झालं की दुसरा पाइप त्यात ठोकायचा, ही रीत गावोगाव चालत आली आहे. 'असे जोड वर्षानुवर्षं टिकलेत, मग सॉकेटचा खर्च कशाला?' हा प्रश्न रास्त आहे, कारण काही जोड खरोखर टिकले आहेत. पण ते कुठे टिकले ते पाहा : उतारावरून वाहत येणाऱ्या पाण्याच्या, दाब नसलेल्या लाइनीत, जिथे एक-दीड केजीसुद्धा चढत नाही. जाळावर तापवताना उष्णता सगळीकडे सारखी लागत नाही. एक बाजू करपते, दुसरी कमी तापते, आणि तोंड फुगवताना जाडी वाढत नाही, ती ताणून पातळ होते. म्हणजे सहा केजीच्या पाइपाला आपण स्वतःच्या हाताने तीन केजीचं तोंड बसवतो. शिवाय पीव्हीसी करपलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो आणि तो डोळ्यांना, छातीला झोंबतो. कारखान्यातच सॉकेट केलेला पाइप मिळत असताना ठिबकच्या किंवा लिफ्टच्या लाइनीवर ही रीत वापरण्याचं एकही कारण उरत नाही.

सोल्युशनचा जोड हा चिकटवलेला जोड नाही, हे समजलं की तो कसा करायचा हेही आपोआप समजतं. सोल्युशन दोन्ही पृष्ठभाग विरघळवून मऊ करतं आणि मऊ झालेलं प्लास्टिक एकमेकांत मिसळून पुन्हा कडक होतं. त्यासाठी दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ, कोरडे आणि एकमेकांना भिडलेले हवेत. पाइप करवतीने सरळ काटकोनात कापा. तिरका कापला तर एका बाजूला जोड अर्धाच बसतो. कापलेल्या कडेचा कीस आतून-बाहेरून चाकूने काढा आणि बाहेरची कड कानशीने थोडी उतरती करा, नाहीतर तीच धारदार कड आत जाताना सॉकेटातलं सोल्युशन खरवडून पुढे ढकलते. सॉकेटची खोली मोजून पाइपावर पेनाने खूण करा. मग कोरड्या फडक्याने दोन्ही पुसा. सॉकेटात पातळ थर, पाइपावर भरपूर थर. सॉकेटात जास्त ओतलं तर ते आत साचून पाइपाचीच भिंत मऊ करतं. लगेच खुणेपर्यंत पाइप आत ढकला, ढकलताना पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट तसाच दाबून धरा, नाहीतर पाइप स्वतःहून थोडा मागे सरकतो. कडेला सगळीकडून एकसारखी रेघ उमटली तर सोल्युशन पुरेसं होतं. ती रेघ पुसून टाका. ९० मिमीच्या पुढे हे काम दोघांचं आहे, कारण एकट्याने लावून होईपर्यंत पहिला थर सुकतो.

डब्यातलं सोल्युशन घट्ट, जेलीसारखं झालं असेल तर त्यात थिनर किंवा पेट्रोल घालू नका. तो डबा टाकून द्या. मे महिन्याच्या दुपारी लावलेलं सोल्युशन सांधण्यापूर्वीच उडतं, म्हणून जोड सकाळी किंवा सावलीत करा. आणि पाणी सोडण्यापूर्वी २४ तास थांबा. 'तासाभरात सुकतं' असं बसवणारे सांगतात. वरून ते खरं दिसतं, पण आतलं द्रावण बाहेर पडायला वेळ लागतो. पाणी तातडीने हवं असेल तर तो दिवस आधीच धरून काम सुरू करावं, जोडाचा वेळ कापू नये.

चराचा विचार बहुतेक जण फक्त खोलीपुरता करतात. खोली हवीच. ट्रॅक्टरच्या नांगराखाली पाइप सुरक्षित राहायचा तर अडीच ते तीन फूट. पण मराठवाड्यात, विदर्भात आणि नद्यांच्या खोऱ्यांत जी काळी जमीन आहे, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. ही हालचाल पाइपाला सोबत ओढते आणि ताण जोडावर येतो. अशा जमिनीत चराच्या तळाशी आणि पाइपाच्या चारही बाजूंनी चार बोटं बारीक, चाळलेला मुरूम किंवा वाळू भरावी. डोंगराळ, दगडाळ जमिनीत कारण वेगळं, उपाय तोच. टोकदार दगडावर टेकलेला पाइप धक्क्यागणिक तिथेच घासत राहतो.

उन्हाचंही गणित आहे. पीव्हीसी तापलं की लांबतं, दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०७ मिमी. दुपारच्या उन्हात तापलेली १०० मीटरची लाइन सोल्युशनने जोडून तशीच बुजवली आणि तिच्यातून २० अंश थंड पाणी गेलं, तर ती १४ सेंटीमीटर आखडायला बघते. टोकं पक्की असतील तर हा सगळा ओढा जोडांवर येतो. म्हणून लाइन चरात थोडी नागमोडी ठेवावी आणि शेवटचा जोड सकाळच्या थंडाव्यात करावा. जमिनीवर उघड्या राहणाऱ्या भागात ताकदही घटते. पाइपावर छापलेली केजी २७ अंश तापमानाला धरलेली असते. पाइप ४० अंशांच्या आसपास तापला की सुमारे तिसरा हिस्सा कमी समजावा. उघडा भाग ठेवावाच लागला तर तिथे एक दर्जा वरची फिटिंग घ्या आणि ऊन लागू नये म्हणून पांढरा रंग किंवा झाकण द्या.

ठिबकच्या फिटिंगबद्दल थोडक्यात, कारण तिथे दाब कमी आणि चुका साध्या असतात. सबमेनला भोक ग्रोमेटच्या मापाच्याच ड्रिलने आणि वरच्या बाजूला पाडा. खालच्या बाजूला पाडलं तर तळाचा गाळ थेट लॅटरलमध्ये जातो. भोक पाडताना निघालेला कीस आत राहिला तर तो ड्रिपरमध्ये अडकतो, म्हणून लॅटरल जोडण्यापूर्वी सबमेन टोकाचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून पाणी नितळ येईपर्यंत धुऊन काढा. मोटर बंद होताना लाइनीत पोकळी तयार होते आणि ड्रिपर बाहेरचं चिखलपाणी आत ओढतात. सबमेनच्या उंच टोकाला एअर व्हॉल्व्ह असेल तर हवा तिथून आत येते आणि ड्रिपर वाचतात.

मोठा आक्षेप अर्थात पैशाचा. मोजून पाहू. ३०० मीटरच्या लाइनीला ६ मीटरचे ५० पाइप लागतात. वळणं, टी, व्हॉल्व्ह आणि टोकं धरून फिटिंग पंधरा-वीस नग. यांतली प्रत्येक फिटिंग एक दर्जा वरची घेतली तरी वाढणारा खर्च एकूण खर्चाच्या मानाने थोडाच असतो. उलट फुटलेला एक जोड शोधायला उभ्या उसात चर खणावा लागतो, किंवा द्राक्षाच्या फुगवणीत चार दिवस पाणी थांबतं, आणि तो तोटा फिटिंगच्या किमतीत मोजता येत नाही. काही जण विचारतात, मग सरळ एचडीपीईच का नको? खडकाळ, चढउताराच्या जमिनीत आणि वारंवार हलवायच्या लाइनीत एचडीपीई खरोखर उत्तम आहे. पण त्याला सोल्युशन चालत नाही. यंत्राने वितळवून सांधावं लागतं किंवा कॉम्प्रेशन फिटिंग घ्यावी लागते. हे यंत्र आणि ते चालवणारा माणूस तालुक्यात हाताशी नसेल, तर दुरुस्तीच्या दिवशी अडचण होते. पाइप बदलला म्हणून जोडाचा प्रश्न सुटत नाही, त्याचं रूप फक्त बदलतं.

आणि शेवटची, सगळ्यांत जास्त टाळली जाणारी गोष्ट : चाचणी. पाइपांच्या मधल्या भागावर माती टाकून ते जागी धरून ठेवा, पण जोड उघडे राहू द्या. एअर व्हॉल्व्ह उघडे ठेवून लाइन सावकाश भरा, हवा निघाली की व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत दाब कामाच्या दाबाच्या दीडपटीपर्यंत न्या. प्रेशर गेज लावलेला असू द्या. तासभर तो दाब टिकला आणि एकही जोड पाझरला नाही, तरच चर बुजवा. बुजवण्यापूर्वी प्रत्येक टी, बेंड आणि व्हॉल्व्हचा मोबाइलवर फोटो काढा आणि बांधापासून तो किती फुटांवर आहे, हे वहीत लिहून ठेवा. लाइन बसवणाऱ्याला मजुरी ठरवतानाच सांगा की हिशेब चाचणी झाल्यावर पुरा होईल. ही अट घातली की चरातलं काम वेगळ्याच काळजीने होतं.